चूक शोधा

“तो चमचा लाव ना जरा, काही दिसत नाहीये,” गुरुजी म्हणाला, आणि मुकादमाला गाडी चालवता चालवता इतकं हसू फुटलं की मागच्या सीटवर केबलींचं खोकं मांडीवर घेऊन बसलेली ती पुढे झुकून म्हणाली, “अरे, समोर बघ आधी.” काचेवर सकाळचं धुकं साचलं होतं. गुरुजीला वायपर म्हणायचं होतं हे उघडच होतं. मुकादमानं वायपर लावला आणि दोन्ही दांड्या काचेवर सरसर फिरायला लागल्यावर पुन्हा खिदळला. “चमचा! ढवळतो थांब. साखर किती घालू?” गुरुजीही हसला. पण तो जरासा उशिरा हसला. विनोद कळल्यावर माणूस हसतो तसं ते हसू नव्हतं, आजूबाजूचे हसताहेत म्हणून हसतो तसं होतं. आरशातल्या त्या अर्ध्या चेहऱ्यात तिला ते दिसलं.

तिघं कॉलेजात एका बाकावर बसलेले. आता तिघांची ऑफिसं वेगळी, घरं वेगळी, दुखणीखुपणी वेगळी. पण वर्षातून एकदा विद्यार्थ्यांची परिषद भरायची, परक्या गावातल्या परक्या कॉलेजात, आणि तिथे नवख्या मुलांना प्रोग्रॅमिंगची कार्यशाळा हे तिघं मिळून घ्यायचे. कामं ठरलेली होती. गाडी, खोल्या, प्रोजेक्टर, जेवणं, आयोजकांशी हुज्जत हे सगळं एकाकडे, म्हणून तो मुकादम. शिकवणं दुसऱ्याकडे. तो बोलायला लागला की मागच्या रांगेतली पेंगणारी पोरंसुद्धा सरळ बसायची, म्हणून तो गुरुजी. आणि ती बाकांमधून फिरायची, कुणाचं मशीन अडलं, कुणाचा कंस राहिला ते बघायची. तिला दोघं चिंतामणी म्हणत, घाईत असले की नुसतं मणी. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी, निघाल्यावर गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेतून शेजारणीला फोन करणारी. नाव इतकं चपखल बसलं होतं की तिच्या काळजीला त्या दोघांच्यात काडीची किंमत उरली नव्हती. तासातासाला वाजणाऱ्या घंटेकडे कुणी मान वर करून बघत नाही, तसं. त्यामुळे आता तोंड उघडायचं तर काय म्हणून उघडायचं? चमचा म्हणाला. बरं मग?

तिच्या बाबांनी एकदा जेवताना मीठ मागितलं होतं. “ते स्टेशन दे इकडे,” असं म्हणाले होते, बोट मात्र बरोबर मिठाच्या बरणीकडे. भाऊ म्हणाला, “कितव्या फलाटावरचं देऊ?” आणि आईला ठसका लागेपर्यंत सगळे हसले. मग तो आठवडाभर घरातला विनोद होऊन बसला. भाजी अळणी झाली की कुणीतरी म्हणायचं, स्टेशन लांब राहिलं. बाबाही हसायचे. एका सकाळी ते बेसिनपाशी, हातात ब्रश तसाच, नळ वाहता, खाली बसलेले सापडले, उजवं अंग लुळं पडलेलं. पुढे चार वर्षं जगले, खाऊनपिऊन, पेपर समोर धरून. पण त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. “पण.” भूक लागली तरी पण, कंटाळा आला तरी पण, रडतानाही पण. आई त्या एका शब्दाशी तासन्‌तास गप्पा मारायची. “अहो, पण काय पण? सांगितलंय ना दूधवाल्याला.” त्या चार वर्षांत हॉस्पिटलाच्या खेपांना गाडी बहुतेक वेळा गुरुजीनंच आणली होती. बाबांना खुर्चीतून उचलताना उजवा हात आपल्या गळ्यात कसा घ्यायचा, हे तिच्याआधी तो शिकला होता.

आणि आता त्याचाच उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. ती बघत राहिली. गुरुजीनं पाण्याची बाटली डाव्या हातानं उचलली, गुडघ्यांत धरली, डाव्या हातानं झाकण फिरवलं. असं कुणीही करतं. ती स्वतःही करते. करते का? तिनं आठवून बघितलं, आठवेना. खोक्याच्या कडेचा पुठ्ठा ती नखानं सोलत होती आणि त्याचे कपटे तिच्या ओढणीवर पडत होते. पुढे दोघांचं काहीतरी चाललं होतं, जेवणाच्या सुट्टीवरून. गुरुजीची वाक्यं छोटी होती. हो. नको. बघू. नेहमी मुकादमाला एक वाक्य पुरं करू न देणारा माणूस आज हो-नको-बघू वर भागवत होता. की तीच मोजायला बसली होती म्हणून तसं वाटत होतं? एखाद्याच्या श्वासाकडे लक्ष दिलं की तोही अडखळल्यासारखा वाटतो.

चहाला थांबल्यावर गुरुजी हात धुवायला गेला तसं तिनं मुकादमाला गाठलं.

“त्याचं काहीतरी बिनसलंय. हात बघितलास का त्याचा?”

“झोप नाही झाली गं त्याची. रात्री उशिरापर्यंत स्लाइडी रंगवत बसला होता, मला पाठवत होता.”

“चमचा म्हणाला तो.”

“मी काल बायकोला ताई म्हणालो,” मुकादम म्हणाला. “अजून जिवंत आहे.”

गुरुजी आला, बाकावर बसला, आणि चहाचा कप त्यानं उजव्या हातानं उचलला. सहज, न थरथरता. तिला इतकं हलकं वाटलं की रडू येईल असं वाटलं. तरी तिच्यानं राहवेना. फोन काढून ती म्हणाली, “चला, तिघांचा फोटो. हसा. दात दाखवून हसा. आणि हात वर करा दोघं, दोन्ही हात.” मुकादमानं लगेच डाकूसमोर करावेत तसे हात वर केले. गुरुजी तिच्याकडे बघत राहिला. मग सावकाश दोन्ही हात वर केले, खांद्याच्या वर, सरळ, आणि रुंद हसला. जिवणी दोन्हीकडे सारखी होती. ते हसू त्यानं तसंच धरून ठेवलं, तिनं फोन खाली घेतल्यावरही, आणि मग एका झटक्यात पुसून टाकलं.

“झाली परीक्षा?” तो म्हणाला. “पास का?”

“अरे, मी सहज...”

“मणी, मी तुझा बाबा नाही.”

मुकादम कपात बघायला लागला. शेजारच्या बाकावरच्या बाईनं आपल्या पिशव्या उगाच जवळ ओढल्या. तो चिडला होता याचं तिला वाईट वाटत होतं, आणि इतकं धारदार वाक्य त्याला एका दमात बोलता आलं याचा आनंदही होत होता, आणि हे दोन्ही एकाच वेळी छातीत ठेवायला जागा पुरत नव्हती. पुढच्या रस्त्यावर गुरुजीनं सूडच उगवला. खिडकीतून दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायला लागला. “खांब. पूल. ट्रक. ट्रकच्या मागे ट्रक. गाय. गायीच्या मागे चिंतामणी.” मुकादमाला पुन्हा हसू फुटलं. “मैलाचा दगड. पेट्रोलपंप. पेट्रोलपंपावर झोपलेला कुत्रा. अजून काही म्हणून दाखवू, मॅडम?” शेवटी तीही हसली. आपण मूर्ख आहोत, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं. एकदा घर जळालेल्या माणसाला शेजारच्या चुलीचा धूरही सोसत नाही, त्यातलं हे.

हॉल मोठा होता. लांब टेबलांवर मॉनिटरांच्या रांगा, गळ्यात बिल्ले अडकवलेली मुलं, नव्या गालिच्याचा आणि तापलेल्या यंत्रांचा वास. स्वयंसेवक म्हणून नेमलेली एक चुणचुणीत मुलगी गुरुजीच्या कॉलरला माइक लावून गेली. मुकादम मागच्या भिंतीपाशी बटणांच्या खोक्याशी जाऊन उभा राहिला, ती बाकांमधल्या वाटेत. आणि गुरुजी बोलायला लागला. काय बोलला! संगणकानं मनात एक आकडा धरायचा आणि माणसानं तो ओळखायचा, एवढासा खेळ लिहायला शिकवायचं होतं, पण त्यानं आधी पुढच्या रांगेतल्या एका मुलाला उभं करून, “तू संगणक. मनात आकडा धर. आता मी विचारीन तेवढंच सांगायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही,” असं म्हणून सगळा हॉल डोक्यावर घेतला. मुलं टेबलावर हात आपटत होती. ती बाकांमधून फिरत होती, कुणाची फाइल उघडून देत होती, आणि तिचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले होते. मग त्यानं पडद्यावर टाइप करायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत कंस बंद केला नाही, तळहात एकमेकांवर चोळले आणि म्हणाला, “चूक शोधा!” हा त्याचा जुना सापळा. मुद्दाम चुकायचं आणि मुलांना पकडायला लावायचं. आपली चूक आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याची लगेच दिसते, म्हणून शिकायला दुसऱ्याची घ्यावी, असं तो म्हणायचा. एका मुलीनं कंस पकडला. टाळ्या पडल्या.

ती खाली वाकून एका मुलाची सैल झालेली वायर खोचत होती, तेव्हा वर पुन्हा हशा झाला. “सर, नाव चुकलं!” कुणीतरी ओरडलं. तिनं मान वर केली. पडद्यावर पहिल्या ओळीत ‘आकडा’ होता. चौथ्या ओळीत ‘आडका’. पाचवीत ‘आका’. “सर, दोन सापळे एकदम!” मुलं रंगात आली होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. गुरुजी हसला. उशिरा हसला. आणि तिच्या लक्षात आलं, ह्या वेळी त्यानं तळहात चोळले नव्हते. “चूक शोधा” तो म्हणालाच नव्हता. ते मुलंच म्हणत होती, त्याच्या वतीनं, ताल धरून: चूक शोधा, चूक शोधा. तो डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत होता. उजवा हात कीबोर्डच्या शेजारी ठेवून दिल्यासारखा होता. सहावी ओळ उमटली, तिच्यात शब्दच नव्हता, नुसती अक्षरं होती, आणि मुलं खिदळत होती, मागे मुकादमही खिदळत होता, आणि तो पडद्याकडे बघत होता. अंधारात जिन्याची पुढची पायरी आहे की संपली हे न कळणारा माणूस पाय उचलून धरतो, तसा. मग मुलांकडे वळून तो अगदी शांतपणे, शिकवण्याच्या आवाजात म्हणाला, “हं. आता हे सगळं धुवून घ्या.”

हॉलमध्ये हशा फुटला. कुणी बाकावरून घसरलं. ती चालायला लागली. वाट अरुंद होती, पिशव्या आडव्या पडल्या होत्या, एका खुर्चीत तिची ओढणी अडकली. चाळीस वेळा वाटेत तिला थांबावंसं वाटलं. आपलीच चूक निघाली तर? तो आत्ताही खेळतच असेल तर? सूड अजून संपला नसेल, मुद्दाम तिलाच पिडत असेल तर? तर इतक्या मुलांसमोर त्याचं नाक कापलं जाईल आणि पंधरा वर्षांचं जे काही आहे ते इथेच, ह्या गालिच्यावर संपेल. ओढणी तिनं ओढून फाडली. पुढे जाऊन त्याच्यापाशी उभी राहिली, मुलांकडे पाठ करून, आणि हळू म्हणाली, “चल. बाहेर चल माझ्याबरोबर.”

“मी बरा आहे,” तो म्हणाला. शब्द लख्ख होते.

“नाहीस. चल.”

“बस खाली. मी बरा आहे.” तेच शब्द, तसेच लख्ख.

मागून मुकादमाचा आवाज आला, “मणी, काय चाललंय? होऊ दे की पुरतं.” मुलं हसायची थांबली होती, हाही सापळ्याचाच भाग असेल म्हणून काही चेहरे उत्सुक होते. तिला दुसरं काही सुचलं नाही. तिनं खिशातलं पेन काढलं, त्याच्या डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, “हे काय आहे?”

त्यानं पेनाकडे बघितलं. त्याचे डोळे पेनाच्या टोकापासून टोपणापर्यंत गेले आणि परत आले. ओठ उघडले. काय आहे ते त्याला माहीत होतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं; त्या पेनाचं सगळं काही त्याला माहीत होतं, फक्त ते हाक मारल्यावर येत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम फुटला. मग त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि लहान मूल म्हणतं तसं, तिच्यापुरतं, अगदी हळू म्हणाला, “मणी, नको ना.”

कॉलरला माइक होता. चारी भिंतींवरच्या स्पीकरांतून ते तीन शब्द सगळ्या हॉलभर गेले. कुणी हललं नाही. एवढ्या मुलांचा श्वास तिला पाठीवर जाणवला. मग मागून खुर्च्या पाडत धावत येणारा मुकादम आणि त्याच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज.

हॉस्पिटलाचा रस्ता ती स्वयंसेवक मुलगी पुढे बसून दाखवत होती, डावीकडे, आता सरळ, आता उजवीकडे, आणि मधूनमधून रडत होती. मागच्या सीटवर गुरुजीचं डोकं चिंतामणीच्या खांद्यावर जड झालं होतं. तिनं त्याचा उजवा हात उचलून आपल्या हातात धरला होता. तो ऊबदार होता आणि कुणाचाच नव्हता. दारातच एक तरुण डॉक्टर बाई भेटल्या. त्यांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली: हे सुरू कधी झालं?

“आत्ता. शिकवताना,” मुकादम म्हणाला.

“सकाळी,” ती म्हणाली. “गाडीत. मग गेलं. मग आत्ता पुन्हा.”

“मधे पूर्ण बरे होते? नीट आठवून सांगा. थोडंही अडखळत नव्हते? कारण सकाळपासूनच चालू असेल तर वेळ टळली, मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध मला देता येणार नाही.”

मुकादम तिच्याकडे बघायला लागला. तिला खांब आठवला, पूल आठवला, झोपलेला कुत्रा आठवला. चहाच्या बाकावरचं ते वाक्य आठवलं, एकेक शब्द पात्यासारखा. “पूर्ण बरा होता,” ती म्हणाली. “मी त्याच्यावर डोळा ठेवूनच बसले होते. शब्दन्‌शब्द नीट होता.” डॉक्टर बाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं, ह्या बाईवर विसंबावं का हे ठरवत. मग आत वळून त्यांनी मोठ्यानं कुणाला तरी स्कॅनची तयारी करायला आणि औषध काढून ठेवायला सांगितलं.

दार मिटलं. मुकादम भिंतीला टेकून उभा होता, रंग उडालेला. “मी हसत होतो गं,” तो म्हणाला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं स्वयंसेवक मुलीचा फोन वाजला. हॉलमधली पोरं अजून तशीच बसली होती, कुणी उठायला तयार नव्हतं. “तू जा,” ती मुकादमाला म्हणाली. जन्मात कधी न शिकवलेला मुकादम गेला. काय झालं ते त्यानं मुलांना सरळ सांगितलं आणि मग तो खेळ कसाबसा पुरा केला. “माझ्या चुका शोधायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत,” संध्याकाळी परत आल्यावर तो म्हणाला, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

गुरुजीची बायको, म्हणजे वहिनी, पोचल्या तेव्हा त्याचा हात हलायला लागला होता. आत गेल्या, बाहेर आल्या, आणि तिला मिठी मारून म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, तुम्ही लगेच आणलंत म्हणून वाचला.” तिला आत ढकललं. तो उशीला टेकून बसला होता, गालात भुलीचं इंजेक्शन दिल्यासारखा चेहरा, पण चेहरा त्याचाच. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. त्यानं तिला बघितलं आणि मान खिडकीकडे वळवली. बोलता येत नव्हतं म्हणून नव्हे. वहिनींशी तो आत्ताच तुटकतुटक बोलला होता, ते तिनं दाराबाहेर ऐकलं होतं.

मग महिने गेले. बातम्या मुकादमाकडून यायच्या. चालतोय. शब्दाला शब्द जुळवून वाक्यं बोलतोय. ऑफिसात जाऊन आला. रोज एक बाई येऊन चित्रं दाखवतात आणि नावं म्हणवून घेतात, त्या वेळी दार लावून घेतो, बायकोलाही आत येऊ देत नाही. “रागावलाय माझ्यावर,” ती म्हणायची. मुकादम आढेवेढे घ्यायचा. एकदा म्हणाला, “तुझ्यावर नाही गं. त्याला ते पेन दिसतं. आणि तो स्पीकरचा आवाज. म्हणतो, बाहेर नेऊन विचारायचं होतं.” त्यावर तिनं खूप विचार केला, कपडे घड्या करताना, झोप न येता पडल्यावर. बाहेर तो आला नसता. पुन्हा तशीच वेळ आली तर ती पुन्हा पेन काढेल, पुन्हा सगळ्यांसमोर. आणि तरीही त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात उघडीनागडी दोन अक्षरं तिनं त्याच्याकडून काढून घेतली होती आणि एका भरल्या हॉलला ऐकवली होती. ती परत कशी देणार? तिनं दोनदा फोन केला, दोन्हीदा वहिनींनी घेतला. मग सोडून दिलं.

ऑफिसातून निघताना, लिफ्टची वाट बघत ती उभी होती, तेव्हा त्याचा फोन आला. नाव बघून तिनं लगेच उचलला.

“ऐक,” तो म्हणाला. ना हॅलो, ना कशी आहेस. आवाज हळू, प्रत्येक शब्दाआधी जरा थांबून. “कपडे वाळत घालतो ना. दोरीवर. वाऱ्यानं... उडू नयेत म्हणून लावतो. लहान. दोन पायांचा.”

तिला क्षणात कळलं. शब्द ओठांवर आला होता. पण देऊ की थांबू? कदाचित त्याचं त्यालाच सापडू द्यायचं असेल, त्या शिकवणाऱ्या बाई तसंच सांगत असतील. ती दात आवळून गप्प राहिली. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

“मणी,” तो म्हणाला, “सांग ना.”

“चिमटा.”

“चिमटा.” तो थांबला. “चिमटा. हां. चिमटा.”

त्याच्या मागे नळ वाहत होता आणि अगदी जवळून, हातभर अंतरावरून, वहिनींचा आवाज आला, “काय रे, कुणाशी बोलतोयस?” “काम होतं,” तो त्यांना म्हणाला, आणि फोन बंद झाला. ती तशीच उभी राहिली. लिफ्ट आली, दार उघडलं, आतल्या माणसानं तिच्याकडे बघितलं, दार मिटलं, लिफ्ट गेली. मग ती जिन्यानं उतरायला लागली. एक मजला उतरली नसेल तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्याचाच.